फॅक्टर ऑफ सेफ्टी ९ असूनही शाफ्ट का तुटतो?

प्रश्न थोडक्यात असा. फाउंड्रीच्या सँड प्लँटमधल्या कन्व्हेयरचा काउंटरशाफ्ट (मोटरची गती बेल्टने घेऊन पुढे देणारा मधला शाफ्ट) सात महिन्यांत तीनदा तुटला. मोटर ७.५ किलोवॅट, १४४० आरपीएम. मोटरवर १२५ मिमीची पुली, काउंटरशाफ्टवर ५०० मिमीची, म्हणजे शाफ्ट ३६० आरपीएमने फिरतो. बी सेक्शनचे चार व्ही-बेल्ट आहेत. शाफ्ट ईएन ८ चा (मध्यम कार्बनचे साधे पोलाद), बेअरिंगच्या जागी ४५ मिमी, पुलीच्या बाजूला ४० मिमी. तिन्ही वेळा तो ४५ वरून ४० ला उतरतो त्या स्टेपवरच तुटला. टॉर्कवरून काढलेला ताण १६ मेगापास्कलच्या आत येतो, फॅक्टर ऑफ सेफ्टी (माल सोसू शकतो तो ताण भागिले प्रत्यक्ष ताण) जवळपास ९. मालक म्हणतात जास्त ताकदीचे ईएन २४ पोलाद टाका, मेंटेनन्सवाले म्हणतात तुटलेला वेल्ड करून टर्न करून घेऊ. तुमचा प्रश्न असा की गणित चुकले की माल खराब आला?

तुमचा आकडा बरोबर आहे. ७.५ किलोवॅटला ३६० आरपीएमवर टॉर्क येतो १९९ न्यूटन मीटर, आणि ४० मिमीच्या शाफ्टवर त्याचा पिळाचा ताण १५.८ मेगापास्कल. नॉर्मलाइझ्ड ईएन ८ चा यील्ड (ज्या ताणाला पोलाद कायमचे वाकू लागते तो) २८० धरला तर पिळात निम्मा म्हणजे १४०, भागाकार ९ च्या जरा खाली. पण हे सगळे गणित शाफ्ट जणू फक्त पिळला जातो असे मानून केलेले आहे. पुलीवर बेल्ट आहेत, ते शाफ्टला एका बाजूला ओढतात, आणि ती पुली बेअरिंगच्या बाहेर लोंबकळते. तो वाक तुमच्या कागदावर कुठेच नाही.

आधी तो काढू. टॉर्क १९९, मोठ्या पुलीची त्रिज्या पाव मीटर, म्हणून बेल्टची कामाची ओढ सुमारे ८०० न्यूटन. ही घट्ट बाजू आणि सैल बाजू यांच्यातली वजाबाकी झाली. शाफ्टला मात्र दोन्ही बाजू मिळून ओढतात, म्हणजे बेरीज लागते. घट्ट बाजूची ओढ सैल बाजूच्या पाचपट धरली तर बेरीज वजाबाकीच्या दीडपट येते, १२०० न्यूटन. तुम्ही दिलेल्या मापांप्रमाणे पुलीचा मध्य स्टेपपासून १५० मिमीवर आहे. तेव्हा स्टेपवरचा बेंडिंग मोमेंट (वाकवणारे बळ गुणिले अंतर) १८० न्यूटन मीटर आणि वाकण्याचा ताण साधारण २९ मेगापास्कल. पुलीचे स्वतःचे वजन मी इथे धरलेले नाही, तुम्ही धरा.

२९ ही संख्यासुद्धा घाबरण्यासारखी नाही. पण तुम्ही प्रश्नात जाताजाता एक वाक्य लिहिले आहे: "बेल्ट घसरतात म्हणून फिटर दर आठवड्याला ताणतो." माझ्या मते उत्तराचा अर्धा भाग त्या वाक्यात आहे. सँड प्लँटमध्ये वाळूची बारीक धूळ बेल्टच्या बाजूंना आणि पुलीच्या खाचांना खाते. खाच झिजली की बेल्ट तळाला टेकतो, बाजूंची पकड जाते, तो घसरतो आणि फिटर मोटरच्या रेलचा स्क्रू आणखी आवळतो. चार बेल्ट, प्रत्येकाच्या दोन बाजू, म्हणजे आठ पदर. बरोबर ताणलेल्या बेल्टमध्ये एका पदराला सरासरी १५० न्यूटन पुरतात. पान्ह्याला पाइप लावून आवळले तर पदरी ३७५ न्यूटन सहज पडतात, आणि बेरीज ३००० होते. मग स्टेपवरचा मोमेंट ४५० न्यूटन मीटर आणि ताण ७२ मेगापास्कल. टॉर्क तेवढाच आहे, मोटरचा अँपिअर फारसा बदलत नाही, कंट्रोल पॅनेलवर काहीही दिसत नाही. शाफ्टवरचा वाक मात्र अडीचपट झालेला आहे.

आता तुम्ही म्हणाल की ७२ सुद्धा २८० पेक्षा कितीतरी कमी आहे. इथेच पुस्तकातल्या पहिल्या प्रकरणाची सवय आड येते. ओढ, दाब, कातर, वाक, पीळ या पाच ताणांची सूत्रे सगळ्यांना पाठ असतात, पण त्या ताणाचे वेळेनुसार काय होते हे विचारायचे राहून जाते. बेल्ट एका ठरावीक दिशेला ओढतो, ती दिशा बदलत नाही, पण शाफ्ट फिरतो. त्यामुळे शाफ्टच्या पृष्ठभागावरचा एखादा बिंदू या क्षणी ७२ मेगापास्कल ओढीत असतो, अर्ध्या फेऱ्यानंतर तोच बिंदू ७२ दाबात जातो, आणि पुन्हा ओढीत. जमिनीवरून पाहिले तर स्थिर भार, धातूच्या दृष्टीने पूर्ण उलटसुलट भार. पीळ तसा नाही. चालू अवस्थेत तो एका दिशेने कायम असतो. म्हणून फिरत्या शाफ्टमध्ये पीळ आकड्याने कितीही मोठा दिसला तरी बहुतेक वेळा जीव घेतो तो वाक.

तुमचा शाफ्ट दिवसाला २० तास चालतो. मिनिटाला ३६०, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार उलटापालटी. तीन महिन्यांत जवळपास चार कोटी. यील्डशी तुलना ही एकदाच लावलेल्या भारासाठी असते. इथे तुलना करायची ती एंड्युरन्स लिमिटशी, म्हणजे ज्या ताणाखाली पोलाद कितीही फेरे सोसते त्या मर्यादेशी.

हे शहाणपण रेल्वेने फार महागात विकत घेतले. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून जास्त माणसे गेली. तेव्हा सार्वत्रिक समजूत अशी होती की सततच्या हादऱ्यांनी लोखंड आतून स्फटिकासारखे ठिसूळ होते. पुढच्याच वर्षी रँकिन या स्कॉटिश इंजिनिअरने तुटलेले आस पाहून दाखवले की तडा व्यास बदलतो त्या कोपऱ्यात सुरू होऊन हळूहळू आत जातो, आणि कोपऱ्याला चांगली वळणदार गोलाई ठेवा असे सांगितले. नंतर प्रशियाच्या रेल्वेत ऑगस्ट वोलर या इंजिनिअरने वर्षानुवर्षे आस फिरवून-वाकवून चाचण्या केल्या आणि १८७० मध्ये निष्कर्ष मांडले: पोलाद तुटते ते ताण किती वर-खाली होतो यावर, त्याच्या एकदाच सोसण्याच्या ताकदीपेक्षा खूप खालच्या पातळीवरही. गंमत म्हणजे "लोखंड क्रिस्टल झालं, म्हणून तुटलं" हे वाक्य आजही आपल्या वर्कशॉपमध्ये ऐकू येते. तुटलेल्या तोंडाच्या मधला चकाकता खडबडीत भाग पाहून ते म्हणतात. तो भाग शेवटच्या क्षणी फाटलेला असतो. त्याआधी तिथल्या धातूला काहीही झालेले नसते.

तुम्ही पाठवलेल्या तुटलेल्या शाफ्टच्या फोटोकडे येतो, कारण तो कुठल्याही सूत्रापेक्षा जास्त बोलतो. तुटलेले तोंड शाफ्टला काटकोनात सपाट आहे. बाहेरून आत गुळगुळीत रिंग, कडेला चहूबाजूंनी बारीक पायऱ्या, आणि मध्याच्या किंचित बाजूला सुमारे २० मिमीचा खडबडीत गोल. पिळाच्या फटीगने (पुन्हापुन्हा बदलणाऱ्या ताणाने हळूहळू तडा जाण्याने) शाफ्ट तुटला असता तर तोंड साधारण ४५ अंशांत तिरके, मळसूत्रासारखे गेले असते. सपाट तोंड म्हणजे वाक. कडेला चहूकडे पायऱ्या म्हणजे तडे एका ठिकाणी नव्हे तर पूर्ण परिघावर एकाच वेळी सुरू झाले, म्हणजे कोपरा सगळीकडे सारखाच तीक्ष्ण होता. मालातला एखादा दोष कारण असता तर तडा त्या एका बिंदूतून पंख्यासारखा पसरला असता. आणि खडबडीत भाग लहान आहे म्हणजे शाफ्टचा जेमतेम चौथा हिस्सा उरेपर्यंत तो काम करत होता.

त्या २० मिमीवरून उलटा हिशेबही करता येतो. व्यास निम्मा झाला की वाकण्याचा ताण आठपट होतो. तुटताना तो ईएन ८ च्या ५६० च्या आसपासच्या अंतिम ताकदीला पोचला असणार, म्हणून मूळ शाफ्टवरचा ताण ५६० भागिले ८, म्हणजे ७० मेगापास्कल. हिशेब ढोबळ आहे, पिळाचा वाटा यात नाही, पण २९ आणि ७२ यांतले खरे कुठले हे ठरवायला पुरेसा आहे. बेल्ट जास्तच ताणलेले होते.

आता कोपरा. ४५ वरून ४० ला येताना तुमच्या ड्रॉइंगवर रेडियस लिहिलेलाच नाही. न लिहिलेला रेडियस म्हणजे टर्नरच्या टूलच्या टोकाला जो असेल तो, तुमच्या बाबतीत ०.२ मिमी. ताण शाफ्टमधून वाहतो असे समजा: अरुंद भागात शिरताना तो नदीसारखा कोपऱ्याशी दाटतो, आणि कोपरा जितका अचानक तितका तो तिथे दाटतो. ०.२ रेडियसला या स्टेपचा सैद्धांतिक स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन फॅक्टर ३.३ च्या आसपास येतो. २ मिमी रेडियस ठेवला तर तोच १.९. फटीगमध्ये धातू या फॅक्टरचा पूर्ण फटका घेत नाही, मऊ पोलाद जरा माफ करते. म्हणून प्रत्यक्ष धरायचा आकडा ईएन ८ ला ०.२ वर साधारण २.२ आणि २ मिमीवर १.७.

मालकांच्या ईएन २४ चे उत्तर याच हिशेबातून निघते. ईएन ८ ची अंतिम ताकद ५६०, एंड्युरन्स लिमिट त्याच्या निम्मी, म्हणजे २८०. ही पॉलिश केलेल्या लहान नमुन्याची. टर्न केलेला पृष्ठभाग आणि ४० मिमी व्यास यांची वजावट केली की १९७ च्या आसपास राहते. ती २.२ ने भागली की स्टेपवर चालू शकणारा वाकण्याचा ताण सुमारे ८८. हार्डन-टेम्पर केलेल्या ईएन २४ ची ताकद ९०० धरा, म्हणजे ६० टक्के जास्त. पण जास्त ताकदीच्या पोलादाला टूलच्या खुणा जास्त बाधतात आणि तीक्ष्ण कोपराही जास्त बाधतो. सगळी वजावट करून हाती येतात सुमारे ११०. आणि जुन्याच ईएन ८ ला नुसता २ मिमी रेडियस दिला तर? ११४. महागडा बार आणि हीट ट्रीटमेंट करून जे मिळते ते टर्नरच्या पाच मिनिटांच्या कामात मिळते.

८८ आणि ७२ मध्ये थोडे अंतर दिसते तरी तुमचा शाफ्ट तुटला, याचेही कारण आहे. हे आकडे सरासरी नमुन्याचे असतात. शंभरातले नव्व्याण्णव शाफ्ट टिकावेत असे हवे असेल तर आणखी १८-१९ टक्के वजा करावे लागतात, आणि ८८ चे ७२ होतात. म्हणजे तुम्ही नेमके कड्यावर चालत होतात. त्यात ड्रॉइंगमधली की-वे (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून घालतात त्या चावीची खाच) पुलीखाली संपत नाही, थेट स्टेपपर्यंत गेली आहे. की-वेच्या टोकाचा ताण आणि स्टेपच्या कोपऱ्याचा ताण एकाच जागी एकमेकांवर चढतात, आणि कड्यावरून ढकलायला तेवढे पुरते. वाळूने भरलेला कन्व्हेयर डायरेक्ट स्टार्ट करताना मोटरचा टॉर्क काही क्षण दुप्पट-अडीचपट होतो, तोही दिवसातून काही वेळा आत असलेला तडा पुढे सरकवतो. मुख्य आरोपी तो नाही, पण सॉफ्ट स्टार्टर बसवत असाल तर नाही म्हणू नका.

ईएन २४ बद्दल आणखी एक गोष्ट, कारण हा गैरसमज इंजिनिअरांमध्येही आहे. ताकद वाढली तरी ताठरपणा वाढत नाही. कुठलेही पोलाद घ्या, यंग्ज मॉड्युलस दोन लाख मेगापास्कलच्या आसपासच. शाफ्ट पूर्वी जितका वाकत होता तितकाच वाकणार, बेअरिंगला तितकाच तिरपा त्रास होणार. आणि बाजारातून "ईएन २४" म्हणून आणलेला बार हीट ट्रीटमेंट न करता वापरला, तर वरचा ११० चा आकडाही विसरा. हार्डनेस तपासल्याशिवाय लेथवर चढवू नका.

वेल्ड करून टर्न करणे मात्र अजिबात नको. ईएन ८ मध्ये ०.४ टक्क्याच्या आसपास कार्बन असतो. प्रीहीट न करता थंड शाफ्टवर वेल्ड मारला की लगतची पट्टी झटकन थंड होऊन कडक आणि ठिसूळ होते, त्यात वेल्ड आकसल्याचा ताण कायमचा अडकून राहतो, आणि हे सगळे तुम्ही करणार त्याच स्टेपवर जिथे आधीच ताण दाटतो. असा शाफ्ट पहिल्यापेक्षा लवकर जातो.

आता काय करायचे, तर खर्चाच्या चढत्या क्रमाने. पहिल्यांदा बेल्ट. जुने चारही काढा आणि चारही नवे एकाच लांबीचे लावा. एक नवा आणि तीन जुने असे केले की नवा एकटाच ओढतो. पुलीच्या खाचा झिजून बाजू वक्र झाल्या असतील तर पुली बदला, नाहीतर नवा बेल्टही घसरेल आणि पान्ह्याला पुन्हा पाइप लागेल. ताण बोटाने दाबून अंदाजाने बघू नका. दोन पुल्यांमधला मोकळा पदर मीटरला साधारण १६ मिमी दाबला जायला हवा, आणि तेवढा दाबायला किती बळ लागावे ते बेल्ट कंपनीच्या तक्त्यात सेक्शन आणि पुलीच्या मापाप्रमाणे दिलेले असते; साधा स्प्रिंग काटा पुरतो. नवे बेल्ट पहिल्या दिवसात थोडे सैल होतात तेव्हा एकदा परत बघायचे, नंतर दर आठवड्याला आवळण्याची गरज उरत नाही. धुळीसाठी बेल्टगार्डला बंद पत्रा लावा. जाळीतून वाळू आत जाते.

दुसरे, पुली आत सरकवा. १५० मिमीचा ओव्हरहँग, म्हणजे पुली बाहेर लोंबकळण्याचे अंतर, कशासाठी आहे हे मला फोटोत दिसले नाही. गार्डची जागा सोडून ती ९० वर आणता येत असेल तर बेंडिंग मोमेंट सरळ ४० टक्क्यांनी उतरतो, आणि त्यासाठी मोटरची रेल तेवढी बाजूला घेण्यापलीकडे काही लागत नाही. माझा अनुभव असा की नव्या मशीनमध्ये हा ओव्हरहँग कुणी ठरवून ठेवत नाही, जुन्या ड्रॉइंगमधून कॉपी होत राहतो.

तिसरे, नवीन शाफ्टचे ड्रॉइंग. स्टेप २.५ मिमीची आहे आणि तिथे कुठलाही भाग टेकत नाही, म्हणून २ मिमी रेडियस निवांत बसतो. तो आकड्याने लिहा, शेजारी "रेडियस गेजने तपासणे" असेही लिहा, आणि गोलाईवर टूलच्या खुणा राहू नयेत म्हणून पॉलिश पेपर मारायला सांगा. की-वे पुलीच्या हबपुरतीच ठेवा आणि स्टेपपासून किमान एका व्यासाइतकी लांब थांबवा. एंडमिलने काढलेल्या की-वेचे टोक एकदम उभे संपते. साइड कटरने काढली तर टोक हळूहळू वर येते आणि ताण कमी दाटतो, जागा असेल तर तशी काढा. रेडियस कुठे ठेवायचा याचा विचार मात्र प्रत्येक वेळी करा: बेअरिंग ज्या खांद्याला टेकते तिथे शाफ्टचा रेडियस बेअरिंगच्या कडेच्या रेडियसपेक्षा लहानच हवा, नाहीतर बेअरिंग खांद्याला टेकतच नाही. अशा ठिकाणी खांद्यात आत गोलाई कापतात किंवा मोठ्या चॅम्फरची रिंग मध्ये घालतात.

हे तिन्ही केल्यावर ताण कुठे येतो? बेल्टची बेरीज थोडी जास्त, १५०० न्यूटन धरा, अंतर ९० मिमी. मोमेंट १३५ न्यूटन मीटर, ताण २१.५ मेगापास्कल. समोर ११४ मधून वजावट करून राहिलेले ९३. हा चारपटीचा फॅक्टर खरा आहे, तुमचा ९ तसा नव्हता. व्यास ४५ केला तर ताण आणखी ३० टक्क्यांनी उतरेल, पण मग पुलीचा बोअर, की, सगळेच बदलावे लागेल. मी नाही करणार.

एक उलटे उदाहरणही सांगून ठेवतो, नाहीतर "जास्त आवळणे वाईट" एवढेच डोक्यात राहील. बेअरिंग हाउसिंगचे बोल्ट सैल राहिले की तुटतात. चांगल्या आवळलेल्या बोल्टमध्ये सुरुवातीचा ताण मोठा असतो, पण बाहेरचा भार वर-खाली होतो तेव्हा त्याचा थोडाच हिस्सा बोल्टकडे येतो, बाकीचा जोडलेल्या भागांमधला दाब कमी-जास्त होण्यात जातो. बोल्ट सैल झाला की सगळा वर-खाली भार त्याच्या पहिल्या आट्यावर येतो आणि तो फटीगने जातो. बेल्ट आवळला की उलटापालट वाढते, बोल्ट आवळला की ती कमी होते. फिटरला दोन्हीसाठी "घट्ट कर" एवढेच सांगितले तर तो दोन्हीकडे पाइप लावेल.

शेवटी, तुम्ही लिहिले आहे की याच ड्रॉइंगचे आणखी दोन काउंटरशाफ्ट शेजारच्या कन्व्हेयरवर चालू आहेत. त्यांचे बेल्ट आजच सैल करून योग्य ताणावर आणा. येत्या शटडाउनला पुली काढून स्टेपवर डीपी टेस्ट (डाय पेनिट्रंट, म्हणजे रंगाने तडा शोधण्याची चाचणी) करून घ्या: कोपरा स्वच्छ करून लाल डाय, पुसून पांढरा डेव्हलपर, आणि परिघावर लाल रेषा उमटते का ते पाहा. रेषा दिसली तर तो शाफ्ट परत बसवायचा नाही, कितीही चांगला वाटला तरी. रेषा नसेल तर शाफ्ट लेथवर चढवून २ मिमी गोलाई काढून घ्या. आधीच तीक्ष्ण कापलेल्या कोपऱ्यात तेवढा माल शिल्लक नाही, म्हणून ४० चा व्यास गोलाईच्या जागी अर्धा मिमी खाली गेला तरी चालेल, पण तिथे नवी धार राहता कामा नये.